अंतर्कर्णजन्य संतुलनविकृतींचे निदान

‘चक्कर येते’ ही वैद्याला नित्य ऐकावी लागणारी तक्रार होय. मराठी बोलीत या एका शब्दाच्या पोटात अनेक अनुभव सामावलेले आहेत. भोवतालचे जग गरगरत असल्याचा भास, उभे राहताच डोळ्यांपुढे येणारी अंधारी, चालताना जाणारा झोक आणि शुद्ध हरपण्यापूर्वीची भोवळ या सर्वांसाठी रुग्ण बहुधा हाच शब्द योजतो. आणि कारण विचारले असता पित्त, अशक्तपणा किंवा मानेचे मणके यांपैकी एखाद्याकडे बोट दाखवितो. यांपैकी गरगरण्याचा अनुभव पुष्कळदा अंतर्कर्णाच्या विकृतीचा द्योतक असतो. परंतु क्वचित तो लहान मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आलेल्या अडथळ्याचाही असू शकतो. या दोहोंतील भेद वेळीच न ओळखला गेल्यास प्रसंग प्राणावर बेततो. निदानपद्धतीचे महत्त्व यातच आहे.

चक्कर हा कानाचा विकार असू शकतो, ही कल्पना फार जुनी नाही. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली ती तेथील वैद्यक अकादमीपुढे मांडली. तोपर्यंत अशा झटक्यांचे मूळ मेंदूतील रक्ताधिक्यात आहे, असे मानले जात असे. कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्यास त्यांच्या हालचाली विस्कळीत होतात, हे फ्लूरांस यांनी त्यापूर्वीच प्रयोगाने दाखविले होते. मेनिएर यांनी चक्कर, कर्णनाद व बहिरेपणा हे तिन्ही एकत्र आढळतात याकडे लक्ष वेधले आणि त्यांचे स्थान अंतर्कर्णात निश्चित केले.

निदानाच्या सर्व कसोट्या एका शारीरक्रियेवर आधारलेल्या आहेत. प्रत्येक अंतर्कर्णात परस्परांशी जवळजवळ काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. मस्तक वळले म्हणजे नलिकांतील द्रव जडत्वामुळे मागे राहतो, त्यायोगे रोमकोशिका वाकतात आणि मज्जातंतूतील स्पंदने वाढतात अथवा घटतात. मस्तक स्थिर असतानाही दोन्ही बाजूंकडून समप्रमाणात स्पंदने चालूच असतात. मेंदू केवळ त्यांतील फरक वाचतो. म्हणून एक बाजू अकस्मात निकामी झाली, की रुग्ण निश्चल पडलेला असूनही मेंदूला तो फिरत असल्याचा संदेश मिळतो. या स्पंदनांमुळेच मस्तकाच्या उलट दिशेने डोळे वळतात व दृष्टी लक्ष्यावर स्थिर राहते. संदेशात बिघाड झाला म्हणजे डोळे हळूहळू एका बाजूस सरकतात आणि झटक्याने परत येतात. यालाच नेत्रदोल म्हणतात. सारांश, संतुलनेंद्रिय डोळ्यांनी पाहता येत नसले, तरी त्याची अवस्था रुग्णाच्या डोळ्यांत वाचता येते.

परीक्षेपूर्वी इतिहास घ्यावा लागतो. ड्राखमन व हार्ट यांनी १९७२ मध्ये संवेदनेच्या स्वरूपावरून चकरेचे चार वर्ग पाडले व ही पद्धती दीर्घकाळ शिकविली गेली. परंतु पुढील संशोधनात असे दिसून आले की, तोच रुग्ण थोड्या वेळाने तीच संवेदना निराळ्या शब्दांत सांगतो. याउलट झटका किती वेळ टिकला व कशाने सुरू झाला, याविषयीचे त्याचे उत्तर अधिक सुसंगत असते. यास्तव ‘चक्कर कशी वाटते’ यापेक्षा ‘किती वेळ टिकते आणि काय केल्याने येते’ हा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा मानला जातो.

अंथरुणात कूस बदलताना किंवा फडताळावरील वस्तू काढण्यासाठी मान वर करताना काही सेकंद सर्व काही गरगरत असेल, तर स्थितिजन्य चकरेचा संशय घ्यावा. गोणिका नामक पिशवीतील कॅल्शियम कार्बोनेटाचे सूक्ष्म स्फटिक निखळून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा पश्च नलिकेत, शिरल्याने हा विकार होतो. त्याची कसोटी डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णन केली. बसलेल्या रुग्णाचे मस्तक ४५ अंश एका बाजूस वळवून त्याला त्वरेने उताणे निजवितात व मान पलंगाच्या कडेखाली किंचित झुकवितात. पश्च नलिकेत स्फटिक असल्यास काही सेकंदांनी, खालच्या कानाकडे वळणारा व वर उसळणारा नेत्रदोल सुरू होतो, आणि सुमारे एका मिनिटाच्या आत तो शमतो. विलंबाने आरंभ व अल्पकाळात शमन ही त्याची ओळख होय. याउलट, नेत्रदोल तत्काळ सुरू झाला, निजलेल्या स्थितीत शमलाच नाही किंवा केवळ खालच्या दिशेने उसळत राहिला, तर मेंदूतील विकृतीचा विचार करणे प्राप्त होते. निदान निश्चित झाल्यास उपचारही हातांनीच होतो. एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमाने मस्तक फिरविले असता स्फटिक गोणिकेत परत जातात आणि औषधावाचून रुग्णास आराम पडतो.

चक्कर अकस्मात सुरू होऊन अखंड टिकली असेल, तर मात्र प्रश्न गंभीर असतो. संतुलनतंत्रिकेचा शोथ आणि लहान मेंदूतील रक्तावरोध यांची बाह्य लक्षणे सारखीच असतात. येथे तीन लक्षणे पाहावी लागतात. पहिली कसोटी हालमाजी व कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये सांगितली. रुग्णाने परीक्षकाच्या नाकावर दृष्टी रोखावी व परीक्षकाने त्याचे मस्तक अचानक, थोड्याच अंशांतून, एका बाजूस वळवावे. त्या बाजूचे इंद्रिय निकामी असेल, तर डोळे मस्तकाबरोबर ढळतात आणि मग झटक्याने लक्ष्यावर परततात. दुसरे, नेत्रदोलाची दिशा. कर्णविकारात दृष्टी कोठेही वळविली तरी ती बदलत नाही. तिसरे, आळीपाळीने एकेक डोळा झाकला असता डोळ्यांच्या उभ्या पातळीत दिसून येणारा फरक. तो मेंदूच्या विकृतीचा सूचक आहे.

येथे एक विरोधाभास ध्यानात ठेवला पाहिजे. अखंड चक्कर असताना मस्तक-झटक्याची कसोटी विकृत येणे हे आश्वासक, तर ती निर्दोष येणे हे भयसूचक असते. काटाह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १०१ रुग्णांवर ही त्रिविध परीक्षा केली असता एकही मेंदूविकार निसटला नाही. उलट चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा पहिल्या ४८ तासांत काही रुग्णांत निर्दोष दिसली होती. मात्र हे यश अनुभवी परीक्षकांच्या हातचे होते. चक्कर व नेत्रदोल प्रत्यक्ष चालू नसलेल्या रुग्णास ही परीक्षा लावल्यास निष्कर्ष फसवा ठरतो.

दोन्ही कानांची स्वतंत्र तपासणी करण्याचे श्रेय व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांच्याकडे जाते. कान धुताना पाणी थंड वा ऊन असल्यास रुग्णास चक्कर येते, या नित्याच्या निरीक्षणातून त्यांनी औष्णिक कसोटी सिद्ध केली. या कार्याबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक घोषित झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. तापमानभेदाने नलिकेतील द्रवात प्रवाह उत्पन्न होतो, अशी त्यांची उपपत्ती होती. १९४२ मध्ये फिट्झजेराल्ड व हॉलपाइक यांनी या कसोटीसाठी ३० व ४४ अंश सेल्सिअस ही तापमाने प्रमाणित केली. ती शरीराच्या तापमानाहून सात अंशांनी कमी व अधिक आहेत. १९८३ मध्ये अवकाशातील भारहीन अवस्थेतही हा नेत्रदोल उत्पन्न होतो असे आढळले, यावरून प्रवाहाची उपपत्ती अपुरी ठरली. कसोटीची उपयुक्तता मात्र अबाधित राहिली.

या कसोटीलाही मर्यादा आहे. ती मुख्यतः डाव्या-उजव्यांतील तफावत दाखविते. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधाने दोन्ही बाजू सारख्याच क्षीण झाल्यास तफावत दिसत नाही व रुग्णास गरगरतही नाही; अंधारात झोक जातो आणि चालताना दृश्य हिंदकळते एवढीच त्याची तक्रार असते. भारतात क्षयाच्या पुनरुपचारात हे औषध अनेक वर्षे वापरले गेले असल्याने, अशा रुग्णाची तक्रार केवळ ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देणे युक्त नव्हे. मेनिएरच्या विकारातही दोन झटक्यांच्या दरम्यान संतुलनाची परीक्षा निर्दोष येऊ शकते. तेथे वीस मिनिटे ते बारा तास टिकणारे वारंवार झटके आणि श्रवणमापनात आढळणारी मंद्र स्वरांची हानी यांवर निदान आधारावे लागते.

एकंदरीत पाहता, कोणतीही एक कसोटी स्वयंपूर्ण नाही. झटक्याचा कालावधी व त्याचे निमित्त यांवरून आधी विकाराचा वर्ग ठरवावा, मग त्या वर्गास अनुरूप कसोटी निवडावी, हा क्रम पाळला तरच परीक्षेचे फळ विश्वसनीय ठरते. या क्रमातील बहुतेक परीक्षांना पलंग, प्रकाश व अभ्यस्त दृष्टी यांपलीकडे साधन लागत नाही. त्यामुळे यंत्रसामग्री नसलेल्या लहान रुग्णालयातही त्या करता येतात.