फळीवरचे यार्ड

छोट्या जागेत मॉडेल रेल्वे मांडताना पहिला प्रश्न प्रमाणाचा. जगभर सर्वाधिक चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. त्यात दोन रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर असते. त्याहून लहान एन, म्हणजे 1:160. तिथे हे अंतर 9 मिलिमीटर. भारतीय एलएचबी डबा साडेतेवीस मीटर लांब असतो. एचओमध्ये तो 27 सेंटिमीटरचा होतो, एनमध्ये 15 सेंटिमीटरच्या आत बसतो.

कोथरूडमधले भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 रोजी खुले झाले. तिथे एचओ गाड्यांभोवती सिग्नल, पूल, रोपवे असे अख्खे शहर उभे आहे. ते पाहून आलेल्या माणसाला घरीही तसेच काही हवेसे वाटते. पण थेरगावच्या वन बीएचकेत दिवाण, कपाट आणि टीव्ही मांडून झाल्यावर फार तर एक भिंत उरते.

मग बहुतेक जण गोल रूळ घेतात. एचओच्या तयार वळणाची त्रिज्या कमीत कमी 36 सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे कडेची मोकळी जागा धरून फळी जवळजवळ तीन फूट रुंद लागते, आणि तेवढ्या तीव्र वळणावर लांब डबे रुळाबाहेर झुकलेले दिसतात. एनमध्ये दीड-दोन फुटांत गोल बसतो खरा. पण गाडी फिरत राहते, कुठे जात नाही, आणि थोड्याच दिवसांत मांडणीवर धूळ चढते. एका रुळावरून दुसरा नेण्याचा मोहही इथे परवडत नाही. बोरघाटातल्या रेल्वेमार्गाचा सर्वांत तीव्र चढ 37 ला 1 होता. तोच चढ धरला तर एनमध्ये पाच सेंटिमीटर उंची गाठायला 185 सेंटिमीटर रूळ लागतो.

उपाय त्याच घाटात सापडतो. 1863 मध्ये पूर्ण झालेल्या बोरघाटातल्या मार्गावर वळायला जागा नव्हती, म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन बांधले गेले. गाडी तिथे थांबे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढे. 1929 पर्यंत हीच रीत चालू होती. लहान जागेतही गाडी फिरवण्यापेक्षा तिला पुढे-मागे करून काम द्यावे, हेच योग्य.

अशा मांडणीचा उत्तम नमुना म्हणजे इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांचे ‘इंगलनुक’. त्यात दोन सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, आणि तीन बाजूमार्ग असतात. एका मार्गावर पाच डबे मावतात, उरलेल्या दोन मार्गांवर तीन-तीन. शंटिंगच्या टोकाला इंजिन आणि तीन डबे उभे राहतील एवढीच जागा ठेवायची. एकूण आठ डबे. चिठ्ठ्या टाकून त्यातले पाच निवडायचे आणि निघालेल्या क्रमानेच गाडी जोडायची. असे क्रम 6,720 होतात, त्यामुळे खेळ लवकर संपत नाही. बॉक्सएन मालडबा एनमध्ये सात सेंटिमीटरच्या आत आणि जुने डब्ल्यूडीएम-2 इंजिन सुमारे 11 सेंटिमीटर. हे सगळे साडेतीन फूट लांब, एक फूट रुंद फळीवर बसते. एचओला याहून बरीच लांब फळी लागते. देखाव्यासाठी पवना नदीपलीकडच्या चिंचवडचा मालधक्का घ्यावा: एक शेड, ट्रक उभे राहतील असा फलाट, मागे कारखान्याची भिंत. भिंत सपाट पुठ्ठ्याची केली तरी चालते, कारण तिची मागची बाजू कोणाला दिसत नाही.

फळीसाठी वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा. पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो, वाकतो आणि सांध्यावर चाके घसरतात. फळी छातीइतक्या उंचीवर असली तर नजर रुळांच्या पातळीला येते आणि खाली अभ्यासाचे टेबलही राहते. रुंदी दोन फुटांच्या पुढे नेऊ नये. मागचा डबा घसरला तर हात पोचला पाहिजे. वीज 12 व्होल्ट डीसी पुरते. रूळ ठोकण्याआधी सांध्यांची कागदी मापे फळीवर ठेवावीत, त्यांच्यावर खरे डबे मांडावेत आणि सर्वांत लांब मार्गावर पाचवा डबा सांध्याला अडत नाही ना, ते पाहूनच खिळा मारावा.