फ्लॉरेन्स येथील करवीरच्या छत्रपतींची छत्री

नाताळाच्या सुटींत इटलीस जाणारीं मराठी कुटुंबें आतां विरळा राहिलेलीं नाहींत. रोम आणि व्हेनिस पाहावें व मध्यें दोन-तीन दिवस फ्लॉरेन्स येथें मुक्काम करावा, हा या प्रवासाचा नेहमींचा क्रम. तेथील मुख्य प्रार्थनामंदिरावरचा, १४३६ सालीं पुरा झालेला ब्रुनेलेस्कीचा घुमट, उफीत्सी संग्रहालयांतील चित्रें, मायकेलँजेलोचा डेव्हिड आणि दुतर्फा दुकानें असलेला आर्नो नदीवरचा जुना पूल, एवढें डोळ्यांखालून गेलें म्हणजे शहर पाहून झालें असें प्रवाशाला वाटतें. मग उरतो तो शेवटचा दिवस. तो बहुधा चामड्याच्या वस्तूंची खरेदी आणि सामानाची बांधाबांध यांत संपतो. परंतु महाराष्ट्रांतून गेलेल्या माणसानें त्या दिवसाचे दोन तास तरी अवश्य राखून ठेवावेत, असें एक स्थळ या शहराच्या पश्चिम टोंकास आहे.

आर्नोच्या उजव्या तीरावर काशिने नांवाचें एक लांबट उद्यान पसरलेलें आहे. ही एके काळीं मेदिची घराण्याची गुरें राखण्याची व शिकारीची जागा होती. या उद्यानाची लांबी सुमारें दोन मैल आहे. नदीच्या कांठानें पश्चिमेकडे चालत गेलें, कीं मुन्योने नांवाचा एक लहान प्रवाह आर्नोला मिळतो तें ठिकाण लागतें. तेथें झाडांच्या सावलींत, इटलीच्या भूमीवर अगदीं अनपेक्षित अशी एक हिंदुस्थानी धर्तीची छत्री उभी आहे. छत्रीखालीं, मस्तकावर पागोटें व अंगावर अलंकार असलेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. हा तरुण म्हणजे करवीरचे छत्रपति राजाराम महाराज. फ्लॉरेन्स शहराचा अखेरचा दिवस त्यांच्या आयुष्याचाहि अखेरचा दिवस ठरला.

राजाराम महाराजांचा जन्म १८५० सालीं पाटणकर घराण्यांत झाला. करवीरचे बाबासाहेब महाराज हे त्यांचे मामा. १८६६ सालीं बाबासाहेब महाराज निवर्तले आणि दत्तक म्हणून त्यांचा हा भाचा गादीवर आला. इंग्रजी भाषेचें चांगलें शिक्षण मिळालेला, वाचनाची व नवें पाहण्याची आवड असलेला हा तरुण राजा वयाच्या विसाव्या वर्षीं विलायतेस जाण्यास निघाला. त्या काळीं समुद्रगमन निषिद्ध मानलें जात असे. अशा वेळीं गादीवरील हिंदु राजानें परदेशगमन करणें हें मोठें धाडस होतें, आणि समुद्र ओलांडून युरोपांत जाणाऱ्या अगदीं पहिल्या हिंदु संस्थानिकांत राजाराम महाराजांची गणना होते. बरोबर कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी आणि महाराजांची स्वतःची मंडळी होती. १८७० च्या जूनमध्यें ही मंडळी लंडन येथें पोंचली. तेथें महाराजांनीं पार्लमेंटचें कामकाज पाहिलें, राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, आणि जें जें पाहिलें त्याची इंग्रजींत रोजनिशी ठेविली. कॅप्टन वेस्ट यांनीं ही रोजनिशी १८७२ सालीं लंडन येथें छापून प्रसिद्ध केली. तोंपर्यंत तिचा लेखक या जगांत राहिला नव्हता.

परतीची वेळ आली ती नोव्हेंबर महिन्यांत. साधारण प्रवाशाची वाट पॅरिसवरून. परंतु फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें होतें आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. म्हणून बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्सच्या कुशींतलें टायरोल अशा लांबच्या मार्गानें मंडळी इटलीकडे निघाली. आल्प्स ओलांडणारा ब्रेनर घाटाचा लोहमार्ग अवघ्या तीन वर्षांपूर्वीं, १८६७ सालीं, खुला झाला होता. कोल्हापूरच्या हवेंत वाढलेल्या देहाला डोंगरांतली ती ऐन हिवाळ्याची थंडी सोसली नाहीं. महाराजांची प्रकृति वाटेंतच बिघडली, आणि फ्लॉरेन्सला पोंचेपर्यंत दुखणें हाताबाहेर गेलें. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं तेथील उतारगृहांत त्यांचा अंत झाला. वय वर्षें वीस.

आतां बरोबरच्या मंडळींपुढें जो प्रश्न उभा राहिला, त्याची कल्पना आज सहज येणार नाहीं. मृत्यु झाला होता छत्रपतींच्या गादीवरील राजाचा. करवीरच्या राजांचे अंत्यविधि पंचगंगेच्या कांठीं व्हावयाचे. येथें पंचगंगा हजारों मैल दूर. देह परत नेणें शक्य नव्हतें आणि पुरणें धर्माला संमत नव्हतें. उरलें दहन. पण दहनाची चालच त्या देशांत नव्हती. शार्लमेन बादशहानें आठव्या शतकांत सॅक्सन लोकांना प्रेत जाळण्याबद्दल देहान्त शासन ठरविलें होतें. तेव्हांपासून ख्रिस्ती युरोपांत दहन जवळजवळ बंदच पडलें होतें. इंग्रज कवि शेली समुद्रांत बुडाला तेव्हां १८२२ सालीं त्याचें प्रेत तस्कनीच्याच किनाऱ्यावर जाळण्यांत आलें. पण तें रोगप्रतिबंधाच्या नियमांमुळें, धर्माचार म्हणून नव्हे. इटलींत दहनासाठीं बांधलेल्या पहिल्या स्थानाचा उपयोग मिलान शहरीं १८७६ सालीं झाला आणि इंग्लंडांत त्याला १८८५ साल उजाडावें लागलें. रोमच्या धर्मपीठानें तर १८८६ सालीं दहनाला उघड मनाई केली आणि ती १९६३ पर्यंत टिकली. अशा देशांत, एका रात्रींत, परधर्मीय राजाचें उघड्यावर दहन करूं देण्याची परवानगी हवी होती.

येथें एक गोष्ट अनुकूल पडली. १८६५ पासून १८७१ पर्यंत फ्लॉरेन्स ही इटलीच्या राज्याची राजधानी होती. त्यामुळें सरकारी कचेऱ्या, ब्रिटिश वकिलात आणि नगरपालिका हीं सारीं एकाच शहरांत हाताशीं होतीं. त्या वेळीं उबाल्दीनो पेरुत्झी हे नगराध्यक्ष होते. विशेष बाब म्हणून परवानगी मिळाली आणि जागा ठरली ती काशिने उद्यानाच्या टोंकाची, जेथें दोन प्रवाह एकत्र येतात ती. ३० नोव्हेंबर व १ डिसेंबर यांमधील रात्रीं, मराठी राज्यांतून आलेल्या लोकांनीं आपल्या राजाची चिता तेथें पेटविली. हा अपरिचित विधि पाहावयास शहरचे लोकहि जमले होते.

जागेची ही निवड मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्याकडे दोन नद्या मिळतात तें स्थळ आपोआप पवित्र ठरतें. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे. कोल्हापूरजवळ चिखलीच्या संगमाला लोकांनीं प्रयाग हेंच नांव दिलें आहे. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, बपेऱ्याच्या मुलुखांत, बावनथडी वैनगंगेला मिळते. त्या कांठच्या माणसालाहि संगमाचें महत्त्व कोणी शिकवावें लागत नाहीं. परक्या देशांत, ना ओळखीचा घाट, ना ओळखीची नदी. तरी दोन प्रवाहांचा मेळ तेवढा ओळखीचा होता. आर्नो आणि मुन्योने यांचीं नांवें कोणत्याहि पुराणांत नाहींत, परंतु त्या रात्रीं त्या नद्यांनीं पंचगंगेचें काम केलें.

पुढें १८७४ सालीं त्याच जागीं स्मारक उभारण्यांत आलें. छत्रीची आखणी मेजर चार्ल्स मँट यांची आणि पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. मँट हें नांव कोल्हापूरकरांना परकें नाहीं. तेथील नव्या राजवाड्याची रचना त्यांचीच. चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरले असून त्यांत इंग्रजी व इटालियन या भाषा आहेत. इकडे कोल्हापुरांत महाराजांच्या नांवानें विद्यालय निघालें आणि १८८० सालीं त्याला कॉलेजचें रूप आलें. तेंच आजचें राजाराम कॉलेज. ज्या राजाला स्वतःच्या शिक्षणाचीं फळें चाखण्यास आयुष्य पुरलें नाहीं, त्याच्या नांवाखालीं पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी शिकत आले, ही त्यांतली समाधानाची बाजू.

फ्लॉरेन्सच्या लोकांनीं मात्र आपल्या परीनें निराळेंच स्मारक केलें. त्यांना राजाराम हें नांव उच्चारण्यास कठीण. त्यांनीं या पाहुण्याला नुसतें ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणूस, म्हटलें. उद्यानाचा तो कोपरा ‘इंदियानो’ या नांवानेंच ओळखला जाऊं लागला. १९७८ सालीं जवळच आर्नोवर लोखंडी दोरांनीं तोललेला एक मोठा पूल खुला झाला, त्याचेंहि नांव ‘इंदियानोचा पूल’ असेंच पडलें. त्यावरून रोज मोटारी हांकणाऱ्या माणसांना तो हिंदी माणूस कोण, कोठचा, हें ठाऊक असेलच असें नाहीं. परंतु जें शहर त्यानें धडपणीं पाहिलेंहि नाहीं, त्या शहराच्या नकाशावर त्याची जागा कायम झाली आहे.

तेव्हां फ्लॉरेन्सच्या मुक्कामाच्या अखेरच्या दिवशीं दुपारींच काशिनेकडे निघावें. डिसेंबरांत तेथें साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि नदीवरचा गारठा लगेच अंगाला झोंबूं लागतो. म्हणून गरम कपडे विसरूं नयेत. बरोबर मुलें असल्यास त्यांना हा इतिहास तेथेंच सांगावा. घुमट आणि चित्रें पाहून मनुष्य थोरांच्या कर्तृत्वापुढें नम्र होतो. या छत्रीपाशीं उभें राहिलें असतां दुसरी एक गोष्ट कळते: परमुलुखांत मरण आलेल्या पाहुण्याला त्याच्या धर्माप्रमाणें निरोप देऊं देणें, हाहि शहराच्या थोरपणाचाच भाग आहे. फ्लॉरेन्सनें तो दीडशें वर्षांपूर्वीं एका रात्रींत दाखविला. आपल्या गांवीं परका मनुष्य दुःखांत सांपडला, तर आपण किती लवकर व किती मोकळ्या मनानें त्याला वाट करून देऊं, याचा विचार परतीच्या प्रवासांत ज्याच्या त्यानें करावा.