एरंडेलातला मोगरा

मोगऱ्याच्या साबणात मोगरा नसतो. मोगऱ्याच्या अगरबत्तीत नसतो, टाल्कम पावडरमध्ये नसतो, आणि उन्हाळा आला की दुकानात पुढे मांडल्या जाणाऱ्या ‘व्हाइट फ्लोरल’ सेंटच्या बाटलीत असलाच तर नावापुरता. हे ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. फुलाचा शुद्ध अर्क, ज्याला या धंद्यात अॅब्सोल्यूट म्हणतात, तो किलोभर हवा तर शेकडो किलो फुलं लागतात. कळ्या सकाळी खुडायच्या, उमलू लागल्या की हेक्झेन नावाच्या द्रावकात बुडवायच्या, हेक्झेन उडवून मेणचट गोळा मिळवायचा, तो अल्कोहोलने धुऊन मेण बाजूला काढायचं. उरतं ते किलोला लाखांच्या भावाने जातं. हा उद्योग मुख्यतः तमिळनाडूत, मदुराई-कोइमतूरच्या बाजूला चालतो. आपल्याकडचा विक्रमगड-जव्हारचा मोगरा दादरच्या फूलबाजारात येतो आणि गजऱ्यात संपतो. त्याचं तेच योग्य ठिकाण आहे. वीस रुपयांच्या साबणात तो कुणाला परवडणार?

मग साबणातला मोगरा येतो कुठून? बऱ्याचदा खालापूर तालुक्यातून.

याच तालुक्यात, खोपोलीला, टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या माथ्यावर धरणांत अडवलेलं पाणी घाट उतरून जनित्रं फिरवतं आणि पुढे पाताळगंगेत सोडलं जातं. त्यामुळे इतर नद्या वैशाखात दगड दाखवत असताना ही नदी वाहती असते. बारमाही पाणी, मुंबई जवळ, रेल्वे आणि महामार्ग हाताशी. कारखाने आले नसते तरच नवल. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सने रसायनीला बस्तान बसवलं. तो सरकारी कारखाना २०१७ पासून गुंडाळला गेला, पण त्याच्या आजूबाजूला रुजलेली रसायनांची वस्ती राहिली. त्याच पट्ट्यात, वाशिवलीला, एस. एच. केळकर आणि कंपनीचा सुगंधाचा कारखाना आहे.

केळकरांचं नाव मुलुंडकरांना सांगावं लागत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावरून जाताना बसच्या खिडकीतून आत येणारा वास हीच त्यांची पाटी. कंपनी १९२२ सालची. नोंदणीकृत कार्यालय मंगलदास रोडवर देवकरण मॅन्शनमध्ये, म्हणजे कापडबाजार आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजाराच्या शेजारी. सुगंधाच्या व्यापाऱ्याला याहून सोयीची जागा नव्हती. पुढे मुलुंड, वापी, वाशिवली. मग नेदरलँड्समधल्या पीएफडब्ल्यू या सुगंधी रसायनांच्या कंपनीची खरेदी. २०१५ साली शेअर बाजारात नोंदणी. आज ‘केवा’ हे नाव पुढे असतं, पण छोट्या अगरबत्तीवाल्याला ठाऊक असतो तो ‘कोब्रा’. मराठी माणूस धंद्यात मागे, ही रड आपण आवडीने रडतो. शंभर वर्षं चाललेली ही पेढी त्या रडगाण्यात कुठे बसत नाही म्हणून की काय, तिच्याबद्दल आपण फारसं बोलतही नाही. दुसरं कारण साधं आहे: यांचं नाव गिऱ्हाइकाला दिसतच नाही. साबण अमक्याचा, तेल तमक्याचं. आतला वास यांचा.

या वासाला धंद्यात ‘कंपाऊंड’ म्हणतात. एका कंपाऊंडमध्ये तीस-चाळीस घटक सहज असतात, कधी शंभरच्या वर. काही बादलीने, काही थेंबाने. परफ्युमर सूत्र लिहितो, वजन करणारा ते ग्रॅमच्या अंशापर्यंत पाळतो, आणि तयार झालेलं मिश्रण कागदाच्या पट्टीवर, म्हणजे ब्लॉटरवर बुडवून हुंगलं जातं: लगेच, तासाभराने, दुसऱ्या दिवशी. पांढऱ्या फुलांच्या कंपाऊंडची पट्टी हुंगली तर आधी केळ्याच्या बाजूला झुकणारा गोड फळांचा वास येतो. तो बेंझिल अॅसिटेट. त्याच्या मागे लिनालूल, जरा हिरवट, लव्हेंडरकडचं. मग द्राक्षाच्या गोळीसारखी झाक. ते मिथाइल अँथ्रानिलेट, मोगऱ्याला जाईपासून वेगळं करणारं. ही सगळी द्रव्यं खऱ्या फुलातही असतातच. फूल ती हवा-पाण्यातून आणि उन्हातून बनवतं, कारखाना रसायनांपासून. रेणू तोच.

आता एरंडेल. एरंडीच्या तेलातलं आम्ल कडक तापवून फोडलं की हेप्टाल्डिहाइड नावाचा द्रव सुटतो. त्याची कडू बदामाच्या वासाच्या बेंझाल्डिहाइडशी गाठ घातली की तयार होतं अॅमिल सिनॅमिक अल्डिहाइड: पिवळसर, थोडं तेलकट, आणि जाईची आठवण देणारं. स्वस्त, साबणाच्या अल्कलीत टिकणारं, धुतलेल्या कपड्यावर रेंगाळणारं. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात, त्यातही गुजरातेत पिकते. लहानपणी नाक दाबून ज्याचा चमचा गिळला, तेच तेल आज आपल्या टॉवेलला फुलांचा वास देतं. मला या साऱ्या रसायनशास्त्रात ही एक गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

पांढऱ्या फुलांत एक खलनायकही लागतो. इंडोल. बाटली उघडून हुंगलं तर डांबरगोळ्या आणि त्याखाली चक्क शौचालय. पण फोडणीतल्या हिंगासारखं त्याचं चिमटीभर प्रमाण सगळं जमवून आणतं. ते नसेल तर मोगरा गुळगुळीत, प्लास्टिकच्या फुलासारखा वाटतो. पंचाईत अशी की इंडोल हवा-उजेडात रंग बदलतं, आणि मिथाइल अँथ्रानिलेट अल्डिहाइडशी जुळून नारिंगी-पिवळं होतं. म्हणजे पांढऱ्या फुलाचा हुबेहूब वास पांढऱ्या साबणात घातला तर वडी महिन्या-दोन महिन्यांत तपकिरी पडणार. गिऱ्हाईक म्हणणार, माल जुना आहे. त्यामुळे साबणाचा मोगरा आणि बाटलीतला मोगरा यांची सूत्रं वेगळी असतात, आणि साबणाचं सूत्र लिहिणं जास्त अवघड. बाटलीवाल्या परफ्युमरला मासिकांत फोटो मिळतो, साबणवाल्याला नाही, हा अन्यायच म्हणायचा.

‘सनी’, उन्हाळी, समुद्रकिनाऱ्याची म्हणून जी पांढरी फुलं विकली जातात त्यांचा उगम मात्र फ्रान्सचा. १९३०च्या दशकात तिथे आँब्र सोलेर नावाचं ऊन-तेल निघालं. त्यात बेंझिल सॅलिसिलेट होतं, अतिनील किरण अडवायला. अंगाला ते चोपडून लोक किनाऱ्यावर पडू लागले आणि सॅलिसिलेटचा तो मंद, फुलांसारखा वास ‘सुट्टी’ या कल्पनेला कायमचा चिकटला. पुढे त्यात नारळ आला, ताहितीची तिआरे फुलं आली, जी तिथे खोबरेल तेलात मुरवून मोनोई करतात. इतकं जग फिरून आलेली ही कल्पना, खोबरेल लावलेल्या वेणीवर मोगऱ्याचा गजरा, आमच्या प्रत्येक लग्नाच्या मांडवात उभी असते. आपण तिला सनी म्हटलं नाही, एवढंच.

पण फ्रेंच ऊन वेगळं आणि खालापूरशेजारच्या कर्जतचं वेगळं. इथे समुद्राचा वारा पोचत नाही, तीन बाजूंनी डोंगर तापलेले, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. उष्णतेने सुगंधी रेणू भराभर उडतात. वरचे हलके घटक मिनिटांत संपतात आणि जड, गोड भाग घामात मिसळून एकदम उसळतो. निशिगंधाचं घट्ट सेंट लावून दुपारच्या लोकलमध्ये चढणारा माणूस स्वतः खूश असतो, डबा नसतो. इथे कामाला येतं हेडिओन: जिनिव्हाच्या फिर्मेनिश कंपनीने शोधलेलं, एदमों रुदनित्स्का यांनी १९६६ साली दिओरच्या ‘ओ सोव्हाज’मध्ये वापरून गाजवलेलं. लिंबाच्या कडेचा, जवळजवळ हवेसारखा जाईचा वास. ते भरपूर, इंडोल जेमतेम, गोडवा कमी. गरम हवेतल्या पांढऱ्या फुलाचं गणित साधारण असं सुटतं.

निसर्गाने ते इथेच सोडवून ठेवलंय. खांडसहून भीमाशंकरकडे चढताना किंवा माथेरानच्या रानवाटांवर ऐन उन्हाळ्यात कुसर फुलतो. मोगऱ्याचा रानभाऊ, झाडांवर चढणारा वेल, समोरासमोर पानं, लांब नळीच्या टोकाला सात-आठ अरुंद पांढऱ्या पाकळ्या. वास मोगऱ्याचाच, पण पातळ. जवळ जाऊन हुंगलं तर थोडा, चार पावलं मागे सरलं की जास्त. पांढऱ्या फुलांचं गिऱ्हाईक म्हणजे निशाचर पतंग. अंधारात त्याला रंगापेक्षा वासाचा माग जास्त लागतो, म्हणून ही फुलं संध्याकाळी उमलतात आणि खुडल्यावरही वास सोडत राहतात. आता फूल न तोडता त्यावर काचेची हंडी बसवून भोवतीची हवा शोषून घेता येते आणि तिच्यातले घटक यंत्रावर मोजता येतात. मोगऱ्याच्या नावाने पन्नास बाटल्या असताना कुणीतरी ती हंडी कुसरावर बसवावी, असं मला फार वाटतं. अंतर तर तासा-दोन तासांचं आहे: वेल भीमाशंकरच्या पायथ्याशी, कारखाना पाताळगंगेवर.

हा धंदा दिसतो तितका हलकाफुलका नाही. कच्चा माल बहुतेक ज्वालाग्राही. एप्रिल २०२४ मध्ये वाशिवलीच्या कारखान्याला आग लागली आणि कंपनीला मोठं नुकसान सोसावं लागलं. माणसंही तयार करावी लागतात. नाक जन्मजात असतं हा समज चुकीचा. शेकडो द्रव्यं हुंगून पाठ करावी लागतात. केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या मुलुंडमधल्या वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, आणि तिथून बाहेर पडलेली मुलं याच कारखान्यांत पांढरे कोट घालून दिसतात.

उन्हाळ्यासाठी असं सेंट घ्यायचंच असेल तर मॉलच्या एसीत, कागदाच्या पट्टीवर हुंगून घेऊ नये. तिथे सगळीच छान वाटतात. मनगटाच्या आत एकच फवारा मारावा, चोळू नये, आणि बाहेर उन्हात यावं. दुकानदार घाई करेल. त्याला सांगावं, दुपारच्या गाडीने नेरळला जाऊन येतो, मग बघू.