बेल रॉकचा दिवा

रॉबर्ट साउदी या आंग्ल कवीची 'इंचकेप रॉक' ही कविता आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींस शाळेंतील इंग्रजी पुस्तकामुळें आठवत असेल. समुद्रांतील खडकावर एका मठाधिपतीनें बांधलेली घंटा एक चांचा तोडून टाकतो, आणि पुढें त्याच खडकावर आपटून त्याचेंच गलबत बुडतें, अशी ती कथा. घंटेची गोष्ट आख्यायिका मानली, तरी खडक मात्र खरा आहे. त्यालाच बेल रॉक असें म्हणतात. त्यावरील दीपगृहाचा वृत्तांत आज वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नांवाचें बंदर आहे. तेथून सुमारें ११ मैलांवर भर समुद्रांत हा खडक आहे. भरतीच्या वेळीं तो दहा-बारा फूट पाण्याखालीं जातो. ओहोटीला कांहीं तासच त्याचा माथा दिसतो. दिसणारा खडक टाळतां येतो, न दिसणारा कसा टाळावा? १८०४ सालीं 'यॉर्क' हें ६४ तोफांचें आंग्ल लढाऊ जहाज सर्व माणसांसह नाहींसें झालें. तें येथेंच फुटलें असावें असा समज पसरला, आणि १८०६ सालीं पार्लमेंटनें दीपगृहाच्या कायद्यास मंजुरी दिली.

१८०७ च्या उन्हाळ्यांत रॉबर्ट स्टीव्हन्सन या स्थापत्यविशारदानें कामास आरंभ केला. 'ट्रेझर आयलंड'चा कर्ता रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा याचाच नातू. ओहोटीच्या दोन-अडीच तासांत खडक फोडावयाचा आणि पाणी चढूं लागलें कीं अवजारें आवरून होड्यांकडे धांवावयाचें, असा नित्यक्रम असे. २ सप्टेंबर रोजीं ३२ असामी खडकावर असतां त्यांचें 'स्मीटन' नांवाचें गलबत वाऱ्यानें सुटून दूर वाहत गेलें. उरल्या दोन होड्या. त्यांत सर्वांनीं मावणें अशक्य! पाणी चढत होतें, आणि सारे जण मुकाट्यानें स्टीव्हन्सनच्या तोंडाकडे पाहत होते. तो बोलावयास गेला, तों घशास कोरड पडून शब्दच फुटेना. खडकाच्या खळग्यांतील खाऱ्या पाण्यानें ओठ ओले करण्यास तो वांकला, आणि उठतो तों कोणीसें ओरडलें, "होडी! होडी!" आर्ब्रोथहून टपाल घेऊन एक होडी दैवयोगानें तिकडे येत होती. सर्वांचे प्राण वांचले.

पुढें १८०८ च्या आरंभीं स्टीव्हन्सनचीं पांच वर्षांचीं जुळीं मुलें डांग्या खोकल्यानें दगावलीं. तें दुःख उरांत ठेवून उन्हाळ्यांत तो पुनः खडकावर गेला.

सुतार लांकडाला सांधे करतो, तसे दगड एकमेकांत गुंतवून सुमारें ११५ फूट उंचीचा हा मनोरा रचला आहे. तळचे ३० फूट तो आंतून भरीव आहे. १ फेब्रुवारी १८११ रोजीं दिवा प्रथम लागला. दुसऱ्या दिव्यांशीं घोटाळा होऊं नये म्हणून तो आळीपाळीनें तांबडा व पांढरा दिसे. मूळ बांधकाम आजहि उभें आहे.

दिवेकरी सहा आठवडे मनोऱ्यांत राहत व पंधरवडाभर घरीं येत. १८१३ पासून त्यांचीं कुटुंबें आर्ब्रोथच्या किनाऱ्यावरील 'सिग्नल टॉवर'पाशीं राहूं लागलीं. रोज सकाळीं मनोऱ्यावर तांब्याचा गोळा वर चढे व किनाऱ्यावरून तसेंच उत्तर जाई. अर्थ इतकाच कीं सर्व कुशल आहे. दिवेकऱ्याच्या घरीं पाळणा हलला, तर मुलगा झाल्यास विजार आणि मुलगी झाल्यास परकर काठीवर फडकवीत, असें सांगतात. बाप आपल्या अपत्याचें आगमन दुर्बिणींतून पाही!

१९८८ च्या ऑक्टोबरांत दिवा स्वयंचलित झाला व शेवटचे दिवेकरी खडक सोडून परतले. किनाऱ्यावरच्या त्या इमारतींत आतां संग्रहालय आहे. ज्यांच्या घरचें माणूस सरहद्दीवर, जहाजावर किंवा परदेशीं आहे, आणि ज्यांचा दिवस त्याची खुशाली कळल्यावांचून सुरू होत नाहीं, त्या आमच्या वाचकांस तांब्याच्या गोळ्याचें मोल वेगळें सांगावयास नको.