पोपटातला जीव आणि ॲनाची गोष्ट

परवा सासूबाई नातवाला गोष्ट सांगत होत्या. राक्षसाचा जीव पोपटात, पोपटाची मान मुरगळली की राक्षस खलास! भाजी चिरता चिरता मीही ऐकत होते, आणि मला ॲना आठवली.

मैत्रिणींनो, ही ॲना लिबेराटा डिसूझा. मुंबईच्या गव्हर्नरच्या घरची आया. घराणं मूळचं लिंगायत, आजोबा गोव्याकडे ख्रिस्ती झालेले. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. सोबत विशीतली लेक मेरी. तंबूतला मुक्काम, वेळ जाता जाईना. मेरी म्हणाली, गोष्ट सांग. ॲनाने आजीच्या गोष्टी आठवून आठवून सांगितल्या. मेरीने त्या लिहून घेतल्या आणि तिला वाचून दाखवून खात्रीही करून घेतली. १८६८ साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं.

त्याच सुमारास इंग्लंडात मानववंशशास्त्र हे नवं शास्त्र उभं राहत होतं. १८७१ मध्ये टायलर यांचं ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ आलं, १८७८ मध्ये लंडनला लोककथांच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. १८९० मध्ये जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाऊ’ लिहिलं. जीव शरीराबाहेर लपवून ठेवण्याच्या देशोदेशीच्या कथा त्यांनी त्यात गोळा केल्या. त्यात ॲनाचा जादूगार पंचकिनही आहे. त्याचा जीव रानात, एकावर एक रचलेल्या सहा घागरींखालच्या पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात!

ही मंडळी पुस्तकं समोर ठेवून अभ्यास करायची. असल्या गोष्टी म्हणजे रानटी अवस्थेतल्या माणसाच्या भाबड्या समजुतींचे अवशेष, असं त्यांचं मत. पुढच्या अभ्यासकांनी ही उतरंड मोडीत काढली. पण या साऱ्यात गोष्ट सांगणारी बाई कुठे होती?

मेरीचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. पुस्तकावर नाव तिचं असलं, तरी आत ॲनाची कहाणी ॲनाच्याच तोंडून छापली आहे. नवऱ्यामागे आयाची नोकरी करून पोरं वाढवणं, पुण्याच्या नदीत बुडालेला एकुलता एक मुलगा, सारं त्यात आहे. नाहीतर ती नुसती ‘एक आया’ उरली असती.

मी सासूबाईंना विचारलं, “ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?” म्हणाल्या, “आमच्या आत्याने. बालविधवा होती गं. रात्री आम्हा पोरांना घेऊन बसायची.” इतक्या वर्षांत तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी वहीत आधी आत्याबाईंचं नाव लिहिलं, मग गोष्ट.

तुमच्याही घरी अशी कुणी असेल. आजच विचारा. गोष्टीबरोबर तिचं नावही लिहून ठेवा.