टीबीचा जंतू खातो कुठून?



टीबीबद्दल बोलायला लागलो की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "टीबीचे जंतू म्हणे चरबीवर जगतात. मग पेशंटचं दूध, तूप, अंडी बंद करायची का?" प्रश्न विचार करूनच विचारलेला आहे. पण उत्तर आहे, मुळीच बंद करू नका. का, ते आज समजून घेऊ.

टीबीच्या रुग्णाच्या खोकल्यातून उडालेला जंतू श्वासावाटे आपल्या फुप्फुसात जातो. तिथे शरीराचे राखणदार असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणतात. आलेला जंतू गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचं काम. टीबीचा जंतू मात्र गिळला गेला तरी सहज मरत नाही. राखणदाराच्या पोटातच तो बिऱ्हाड थाटतो.

तिथे खायला काय मिळतं? आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा पातळ पडदा असतो आणि त्यात कोलेस्टेरॉल असतं. शिवाय टीबी झाला की या राखणदार पेशींत चरबीचे बारीक थेंब साचतात. जंतूचा डोळा याच साठ्यावर असतो.

पण जंतूच्या अंगावर मेणचट, जाड कवच असतं. त्यातून बाहेरचं अन्न सहज आत जात नाही. म्हणून त्याच्याकडे खास प्रथिनांच्या नळ्या असतात. त्यांना वाहक प्रथिनं म्हणतात. ही नुसती नळी नसते. विहिरीवर पंप बसवावा, तसा माल आत ओढणारा भागही तिला जोडलेला असतो. यातल्या एका जातीच्या नळ्यांना शास्त्रज्ञ 'एमसीई' म्हणतात. एमसीई-1 चरबीतली आम्लं आत नेते, एमसीई-4 कोलेस्टेरॉल नेते.

2008 साली संशोधकांनी एमसीई-4 नसलेले जंतू उंदरांना देऊन पाहिले. सुरुवातीला ते जंतू वाढले, पण पुढे शरीरात नीट टिकाव धरू शकले नाहीत. म्हणजे लांब मुक्कामासाठी जंतूला ही नळी लागतेच. ती बुजवणारं औषध शोधण्याचं काम चालू आहे. आपल्या दवाखान्यातल्या उपचारात ते अजून आलेलं नाही.

आता पुन्हा तुपाकडे येऊ. जंतू आपल्या ताटातून खात नाही, पेशीच्या घरातून खातो. आणि कोलेस्टेरॉल आपलं शरीर स्वतःच तयार करतं. नुसती चटणी-भाकरी खाणाऱ्या बाईच्या पेशीतही ते असतंच. म्हणून पेशंटचं दूध-तूप तोडल्याने जंतू उपाशी मरत नाही. उपाशी राहतात ते राखणदार. कणगीत उंदीर शिरला म्हणून आपण घरातल्या लेकरांचं जेवण बंद करतो का?

झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांत घरच्या माणसांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळाल्या, तिथे टीबीची नवी लागण होऊन आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झालं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या 2 महिन्यांत वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले.

मग जंतू मारायचं काम कोण करतं? गोळ्या. साध्या टीबीचा उपचार 6 महिन्यांचा असतो. काही जंतू चरबी साठवून सुस्त पडून राहतात आणि सुस्त जंतूवर औषध हळू चालतं. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. तेव्हा गोळ्या सोडल्या तर हे लपलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात. मग जुनी औषधं लागू न पडण्याचाही धोका असतो.

तेव्हा पेशंटला भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, भाजी, दूध, अंडं, जे परवडेल ते पोटभर द्या. मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून ताट ठरवा. आहारासाठी 'निक्षय पोषण योजने'तून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होतात. आपलं नाव आणि खातं नोंदलं आहे ना, हे आशाताईंना विचारा.

आणखी एक गोष्ट. पेशंट घरची सून असेल, तर तिच्या वाट्याला बहुतेकदा सगळ्यांच्या मागून, उरलेलं येतं. त्या घरी गटातल्या दोघी-तिघींनी जा. सासूबाईंशी बोला. तिचं ताट आधी वाढलं जाऊ दे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन, मेलेली भूक, यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे.