दाव्यामागचा सावकार

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सन 2003 मध्ये एक चमत्कारिक करारनामा रद्दबातल ठरविला. मोटार-अपघातात जखमी झालेल्या एका स्त्रीने विमा कंपनीविरुद्ध दावा लावला होता, आणि निकाल लागेपर्यंत निभाव लागावा म्हणून एका वित्तसंस्थेकडून 6,000 डॉलर उचलले होते. दावा वर्षाच्या आत मिटल्यास भरपाईतील पहिले 16,800 डॉलर संस्थेचे, दीड वर्षात मिटल्यास 22,200 आणि दोन वर्षांत मिटल्यास 27,600, अशी शर्त होती. दावा बुडाल्यास मात्र तिने छदामही परत करावयाचा नव्हता.

या शेवटच्या कलमावरच हा सारा व्यवसाय उभा आहे. परतफेडीची सक्ती नाही, तेव्हा हे कर्ज नव्हे, आणि कर्ज नव्हे तेव्हा व्याजाचे निर्बंध आम्हांस लागू नाहीत, असा त्या संस्थांचा युक्तिवाद असतो. तो सर्वस्वी पोकळ नाही. विमा कंपनीला वर्षानुवर्षे थांबणे परवडते. घरभाडे आणि इस्पितळाचे देणे थकलेल्या जखमी माणसाला ते परवडत नाही, आणि म्हणून तो मिळेल त्या रकमेवर तडजोडनामा लिहून देतो. अशा माणसाला तग धरण्याचे बळ जो देतो, त्याचा व्यवसायच बंद पाडणे म्हणजे बलिष्ठ प्रतिवादीच्या हाती आणखी एक शस्त्र देणे होय.

परंतु ओहायोच्या न्यायालयाची दृष्टी व्याजदराच्या पलीकडे गेली. वकिलाची फी आणि दुसऱ्या संस्थेकडून घेतलेली एक लहान उचल जमेस धरता, 28,000 डॉलरपर्यंतच्या तडजोडीत त्या स्त्रीच्या पदरी काहीच पडणार नव्हते. मग वाजवी तडजोड तरी तिने का स्वीकारावी? दावा तिच्या नावाचा राहिला, पण तो मिटवावा की लांबवावा याचा हिशेब तिऱ्हाइताच्या लाभाने बांधला गेला. पुढे 2008 मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने हा व्यवहार कायदेशीर केला, पण देय रकमा करारात स्पष्ट लिहिण्याचे आणि पाच कामकाजाच्या दिवसांत करार मोडण्याची मुभा देण्याचे बंधन घालून. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये तर नावाला न भुलता याला कर्जच ठरविले, आणि वेस्ट व्हर्जिनियाने 2019 मध्ये वार्षिक शेकडा 18 ही आकारणीची कमाल मर्यादा घातली.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. रामकुमार कुंडू यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1876 मध्येच सांगितले, की मालमत्तेतील हिश्श्याच्या बदल्यात दाव्यास पैसा पुरविणे हिंदुस्थानात मुळात बेकायदा नाही. मात्र करार पिळवणुकीचा वा जुगारी वृत्तीचा असेल तर न्यायालय तो अमलात आणणार नाही. वकिलास दाव्यात हिस्सा घेण्याची मनाई आहे, पण वकील नसलेल्या तिऱ्हाइतास पैसा पुरविण्यास आडकाठी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नमूद केले. मुंबई उच्च न्यायालयाने 1983 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 25 मध्ये जो नियम घातला, त्यानुसार पैसा पुरविणाऱ्यास दाव्यात पक्षकार करून त्याच्याकडून खर्चाचे तारण मागता येते. पण त्या तारणाने संरक्षण होते ते प्रतिवादीचे, पैसा घेणाऱ्या वादीचे नव्हे.

वादीला आधार उरतो तो 1876 च्या वचनाचा, आणि त्यातच खरी उणीव आहे. करार पिळवणुकीचा होता हे ठरते करार झाल्यानंतर, तेही न्यायालयात. म्हणजे ज्याच्याजवळ एक दावा चालविण्यास पैसा नव्हता, त्याने सुटकेसाठी दुसरा चालवावा! खरे तर सावकाराच्या आकारणीवर कायद्याचे बंधन आपल्याला नवे नाही. व्याज मुद्दलाहून अधिक वसूल होऊ न देणारा दामदुपटीचा नियम या भूमीस पूर्वापार ठाऊक होता. आणि 1875 च्या दख्खनमधील शेतकऱ्यांच्या दंग्यांत, सुप्यापासून सुरुवात होऊन, सावकारांचे रोखे जळल्यानंतर 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यामागचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. दाव्यावर पैसा लावणाऱ्याची जोखीम सामान्य सावकाराहून मोठी असल्याने त्याचा मोबदलाही मोठा असणे न्याय्यच आहे. परंतु तो किती मोठा असावा, दर सहामाहीस देणे किती होईल ते पक्षकाराच्या भाषेत रुपयांत कसे लिहावे, आणि तडजोडीचा अधिकार केवळ पक्षकाराचाच कसा राहावा, हे सही होण्यापूर्वीच कायद्याने ठरविले पाहिजे.